दुसरी पसंती

एकोणसत्तर साली राष्ट्रपती आमच्या घरी निवडले गेले.
म्हणजे दिल्लीतच; पण आकडे उतरत होते
इंदूरला, रामबागेत, आमच्या माडीवर,
मिलमधून आणलेल्या हिशेबवहीच्या पाठकोऱ्या पानांवर.

अण्णांकडे दोन बाजूंच्या दोन पेन्सिली, लाल नि निळी.
उरलेल्या सगळ्या उमेदवारांना मिळून एक शिसपेन्सिल,
तीही माझी, टोकाकडून चावलेली.

आमच्यापैकी कुणालाच मत नव्हतं.
हे कळलं तेव्हा मी चिडले.
मग आपण का जागतोय?
अण्णा म्हणाले, अगं, आमदाराच्या मतात आपण असतो.
प्रांताची माणसं भागिले जागा, भागिले हजार:
आपल्याकडच्या आमदाराचं एक मत म्हणजे एकशेनऊ. बहुतेक.
आणि त्या प्रत्येकात हजार-हजार माणसं.
मी बराच वेळ तेच धरून बसले,
मी कितव्या हजारात?
आणि माझी रिबीन पळवणारा तो बंडू पुराणिक
माझ्याच हजारात निघाला तर?

अण्णा लाल. त्र्यंबककाका निळे.
महिनाभर दोघं एका पाटाला पाट लावून जेवले नव्हते.
"आतला आवाज, म्हणे! आत पोटाशिवाय काय असतं रे?"
"तुमच्या आत, दादा. तुमच्या."
सदसद्विवेकबुद्धी हा शब्द मी त्या महिन्यात शिकले,
दर वेळी दुसऱ्या 'द'ला अडखळत.

रेडिओ खरखरला की काका त्याला थोबाडीत मारत.
खालून दुबेजी ओरडत, "क्या हुआ?"
"येऊन राहिलेत, येऊन राहिलेत!" काका मराठीतच ओरडत
आणि दुबेजींना ते कळे.
परातीतली सेव संपली. पुन्हा आली.
आईनं मला दोनदा झोपायला पाठवलं, मी दोनदा जिन्यातून परत आले.

मग अण्णांनी पेन्सिल कानावर ठेवली.
निम्म्याच्या पलीकडे कुणीच नाही.
आता दुसरी पसंती मोजणार.

म्हणजे?
म्हणजे समज, तुला सराफ्यातली जिलबी हवी होती, ती संपली.
मग मला काही नको.
असं नाही चालत. आधीच लिहून ठेवायचं:
एक, जिलबी. दोन, मालपुवा.
जिलबी बाद झाली की तुझा कागद मालपुव्याच्या गठ्ठ्यात.

दारात द्वारकाकाकू उभ्या होत्या, हाताला पीठ.
त्या राजकारणात कधी बोलत नसत.
कशातच बोलत नसत म्हणा.
"दुसरीचं मत पुरं धरतात का भाऊजी?
की थोडं कमी?"

"पुरं, वहिनी. पहिल्याइतकंच."

"बरं आहे दिल्लीत."

काकांनी रेडिओचं बटण फिरवलं.
स्टेशन चांगलं लागलं होतं, ते गेलं.
पुन्हा सापडेस्तोवर कुणी काही बोललं नाही,
नुसती शिट्टी, मग कुठलं तरी तार-सनईचं, मग शिट्टी.
भिंतीवर मनोरमाकाकूंचा फोटो होता.
त्याचा हार दर शुक्रवारी द्वारकाकाकूच बदलत.
मी तेव्हा आठ वर्षांची होते,
मला वाटलं, काका हरल्यामुळे गप्प आहेत.
पण हरले कोण, ते तोवर ठरायचंच होतं.

ठरलं तेव्हा मी सतरंजीवर झोपलेली.

सकाळी आई बंबात घालायला रद्दी गोळा करत होती.
द्वारकाकाकूंनी ते पान मधूनच ओढून घेतलं.
अण्णांना म्हणाल्या, वाचा बरं एकदा.
अण्णांनी वाचलं, एकेक राज्य, एकेक आकडा,
मग दुसऱ्या पसंतीचे, सावकाश,
जसं एखाद्याला आलेलं पत्र वाचून दाखवावं.
काका तिथेच दाढी करत होते. वस्तरा मध्येच थांबला, मग चालू झाला.
काकूंनी पानाची चौघडी केली आणि चहाच्या डब्याखाली ठेवली.

पुढे कितीतरी वर्षांनी तो डबा माझ्याकडे आला.
पान तळाला चिकटलेलं. लाल रंग उडालेला, निळा शाबूत.
मी बेरीज करून पाहिली.
अण्णा सात मतांनी चुकले होते.