नखाची खूण

कवळ्या बनवते मी. बावीस वर्षं झाली,
लालबागला एका पोटमाळ्यावर, खिडकीशी.
भुवयांवर प्लास्टरची धूळ,
हातात अनोळखी माणसांचे जबडे.
कोण कुठल्या बाजूने चावतं,
चेहरा न बघता सांगते.

आणि माझ्याच कुत्रीची दाढ
माझ्यामुळे फुटली.

मोहरी तिचं नाव. वजन सव्वातीन किलो,
त्यात पाव किलो नुसते केस.
मी आठ तास घरी नसते,
म्हणून दुकानात विचारलं एवढंच:
सगळ्यात जास्त काय टिकतं?
जिग्नेश म्हणाला, हे न्या, म्हशीचं खूर,
सहा महिने बघायला नको.
मी बघितलं नाही.

खूर टिकलं.
वरची उजवी मोठी दाढ उभी चिरली.
डॉक्टर तरन्नुम मुकादमांनी ती वाटीत टाकली
तेव्हा भातातला खडा ताटात पडावा
तसा आवाज झाला.
त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
त्यांनी नुसता माझा अंगठा धरला,
नख खुरावर दाबलं.
"उमटली खूण?"
नाही.
"मग हे तिच्यासाठी नाही."

तेव्हापासून अंगठा घेऊन फिरते.
पाकिटावरून दाबते, वाकवते, वास घेते.
जिग्नेश हसतो: मावशी, हापूस घेताय का?
म्हटलं, हापूस परवडला,
फसवतो, पण दात पाडत नाही.

गाठ मारलेलं पांढरं चामड्याचं हाड आणलं,
रात्री पाण्याच्या ग्लासात ठेवलं
(घरात ग्लासांना तोटा नाही,
त्यातल्या अर्ध्यांत कुणाचे तरी दात झोपतात).
सकाळी ते फुगून
ग्लासाच्या बाहेर आलेलं, बुळबुळीत, राखाडी.
एवढंसं तिचं पोट.
मी ते कचऱ्यात टाकलं आणि डब्याचं झाकण
दोनदा दाबलं.

याकच्या दुधाचा वाळका तुकडा नखाला दाद देईना,
तो परत केला.
रताळ्याच्या जाड पट्ट्या ग्रिलवर वाळत घातल्या,
चिवट झाल्या, छान झाल्या,
निम्म्या कावळ्याने नेल्या.
त्याला दातच नाहीत, त्याचं काय जातं.

दर रविवारी पिंगुळकर काका
मटणाच्या नळ्या पाठवतात, खास मोहरीसाठी,
चाटूनपुसून स्टीलच्या डब्यात.
शिजलेलं हाड सुईसारखं फाटतं,
हे त्यांना तीनदा सांगून झालं.
आता सांगत नाही. नळ्या गुपचूप बाजूला करते,
रिकामा डबा परत देऊ नये
म्हणून दोन बेसनलाडू ठेवते.
काका विचारतात, आवडल्या का तिला?
मी मान हलवते.
तिकडून येताना प्रत्येक वेळी
मोहरी माझ्याकडे बघते.

आठ तासांचं कोडं सुटलं नाही.
मी नसताना तिच्याजवळ चावायला काही ठेवत नाही,
माझ्या जुन्या गाऊनवर पडून राहते,
दाराच्या फटीला नाक लावून.
संध्याकाळी हातपाय धुऊन मी जमिनीवर बसते,
रताळं, नाहीतर फ्रीजरमधलं आख्खं गाजर,
तिच्या तोंडात मावणार नाही असं.
चाळीस मिनिटं टिकतं. कधी पंचवीस.
शेजारचा कुकर होतो, कुणाची तरी मालिका सुरू होते,
आम्ही दोघी कामात.

तुकडा बोटाच्या पेराएवढा उरला
की तळहात पुढे करते: दे.
ती विचार करते.
दुसऱ्या हातात चीजची चिमूट आहे, तिला माहीत आहे,
तरी विचार करते.
मग सोडते.

ओला, कोमट तुकडा.
सवयीने दिव्याखाली धरते, फिरवून बघते.
डावीकडे बारीक बारीक खुणा, दाटीवाटीने.
आता ती डावीकडून चावते.
उजवीकडे एका दाढेएवढं
साल तसंच आहे.