नाकाचं माप

दुकान स्टेशनकडून सरळ, केळ्यांच्या वखारीसमोर.
पाटी बाबांच्या हातची: किहीमकर चष्मेवाले.
मे महिना, भुसावळ. काउंटरची काच
हात टेकू देत नव्हती.

तो आला दांडी तुटलेला चष्मा घेऊन,
आणि चष्म्यावाचूनच त्यानं
आधी पाटी वाचली, मग माझं नाक,
मग हे घारे डोळे,
आणि बेरीज करून मोकळा झाला.

'शनिवार तेली ना तुम्ही? बेने इस्राएल?'

नाही हो, म्हटलं. आम्ही माळी.
आजोबा किहीमहून आले
रेल्वेच्या बंगल्यांत गुलाब लावायला,
इथल्या उन्हात गुलाब जगेनात
म्हणून बोगनवेल लावून बसले.
डोळे आईकडचे, ती धरणगावची.
आणि नाकाचं म्हणाल
तर लहानपणी पडलो होतो यार्डाच्या भिंतीवरून.

तो हसला. मला माफ केल्यासारखं.
'आता कशाला लपवायचं?'
आणि वहीत लिहिलं काहीतरी.
उलटी अक्षरं मला वाचता येतात,
समोरच्याचा नंबर वाचून वाचून लागलेली सवय:
गाव, माझं आडनाव,
आणि पुढे एकच शब्द. 'नाकारतात.'

तेव्हा शिमशोनकाका आठवले.
मालगाडीचे गार्ड, क्वार्टर पंधरा बंगल्याच्या मागे.
काळेसावळे, ठेंगणे, नाक इतकं बसकं
की चष्मा घसरून मिशीवर यायचा,
बाबा कानांमागून दोरा ओवून द्यायचे.
नावावरून अख्ख्या कॉलनीनं
त्यांना ख्रिस्ती ठरवलेलं.
दर नाताळला तीन घरांतून केक.
पहिली काही वर्षं त्यांनी सांगून पाहिलं,
आम्ही ते नव्हे.
मग केक घेऊ लागले.
सिनोराकाकू डबा रिकामा पाठवायची नाही,
त्यांच्या नव्या वर्षाला चिकाचा हलवा यायचा घरोघर,
आणि अमळनेरच्या द्वारकाबाई बोटं चाटत म्हणायच्या,
'किरिस्तावस्ना हलवा भारी ऱ्हास बरं!'

एकदा पहाटे बाबा चष्मा पोचवायला गेले,
तर काका खिडकीशी उभे,
उजवा तळवा डोळ्यांवर घट्ट,
ओठांत काहीतरी चाललेलं.
बाबा पाय न वाजवता परत आले
आणि माझ्या हाती थेंबांची बाटली धाडली:
डोळे दुखतायत बिचाऱ्याचे.
काकांनी बाटली ठेवून घेतली.
पैसेही दिले.
ती प्रार्थना होती, हे मला समजलं
काका जाऊन वीसएक वर्षं झाल्यावर,
आणि सांगायला तोवर बाबाही नव्हते.

हे सगळं मी त्या माणसाला सांगितलं.
त्याचं पेन मध्येच थांबलं.
'पण नाक बसकं कसं?'

मी फळीवरून बाबांची मापवही काढली.
वाळवीनं कडा खाल्लेल्या, पण पान शाबूत.
नाव. तारीख. दोन बाहुल्यांमधलं अंतर.
नाकाचा पूल, किती मिलिमीटर.
पाचवा रकाना बाबांनी आखला नव्हता.
पानावर जागा होती.

तो पान बघत राहिला,
मी स्क्रू फिरवत राहिलो.
मग चष्मा त्याच्या तोंडावर चढवून पाहिला:
डावा कान उजव्यापेक्षा जरा वर.
आजवर कुणी सांगितलं नसावं त्याला.
मीही नाही सांगितलं. दांडी वाकवून दिली.

'पावती कुणाच्या नावानं?'

त्यानं आडनाव सांगितलं,
आणि पेन कागदाला टेकायच्या आत
मला त्याची जात कळलेली होती,
तालुका कळलेला होता,
घरी आमटीत गूळ पडतो की नाही, तेसुद्धा.

तीस रुपये, मी म्हटलं.
त्यानं शंभराची नोट काढली.
सुटे दोघांकडेही नव्हते.