शिडी धरणारा

व्हर्लीन शिडीवर चढते. मी शिडी धरतो.
एवढंच माझं काम.
बासष्टाव्या वर्षी गुडघ्यांनी चढायला नकार दिला,
आणि केंटकीच्या खाणीत
छताला टेकू देण्यातच माझा जन्म गेलेला.

ती पूर्वी शाळेची बस चालवायची.
या खोऱ्यातली निम्मी दारं तिला आवाजावरून ओळखतात.
"कर्टिस, मी आहे रे. उघड.
अलार्म फुकट आहे, काही विकायला नाही आलो."
फुकट म्हटलं की लोक इथे जास्तच बिचकतात.

ऑर्व्हिल स्टँपरचं घर पत्र्याचं, लांबट,
कधीकाळी चाकांवरून आलेलं, आता विटांवर टेकलेलं.
छताला जुना अलार्म, सिगारेटींनी पिवळा पडलेला,
दर चाळीस सेकंदांनी म्हणतो: चिव.
"कधीपासून?"
"मेव्हिस होती तेव्हापासून.
बेकन तळताना टॉवेल हलवायची ती त्याच्याखाली."
व्हर्लीन नवा बसवते. बटण दाबते.
कानठळ्या. कुत्रं पलंगाखाली.
जुना तो परत मागून घेतो,
पाखरू धरावं तसा दोन्ही हातांत.
निघताना दाराआडून ऐकू येतं:
चिव.

टेनीच्या घरी बॅटरी टीव्हीच्या रिमोटमध्ये गेलेली.
हीटर पडद्याला खेटून.
गप्पा मारता मारता व्हर्लीन तो मागे ओढते,
रस्त्याकडे धावणारं पोर ओढावं तसा.
मग मुलांना खडू देते. घर काढा.
प्रत्येक खोलीतून दोन वाटा काढा.
आणि बाहेर पडल्यावर सगळ्यांनी कुठे जमायचं, तेही.
धाकटीने बकरी काढली.
"अगं, बकरी जागची हलते."
"आम्ही येईपर्यंत थांबेल ती."

सातव्या घराने दार उघडलं नाही.
आत टीव्ही चालू होता. पडदा हलला.
तीनदा ठोठावलं, कडीत चिठ्ठी अडकवली.
थंडी होती, गुडघा ठणकत होता.
मीच म्हणालो, चल,
पुढच्या महिन्यात बघू.

जानेवारीत पहाटे पावणेतीनला फोन.
ब्लँकेटं, मोजे, कॉफीचा थर्मास घेऊन पोचलो
तेव्हा बंबवाले पाइप गुंडाळत होते.
ओढा गोठलेला, पाणी चार मैलांवरून आणलेलं.
तिघंही वाचली होती.
पोराला खोकला होता म्हणून.
आई जागी होती म्हणून.
आमच्यामुळे नाही.

बाप एका पायात बूट घालून उभा होता.
"तुम्हीच ना ते? त्या शनिवारी?
मला वाटलं, वसुलीवाले."
मी त्याला मोजे दिले.
दुसरं काय देणार होतो?
फॉर्मवर रकाना असतो: नुकसान.
मी लिहिलं: घर.
तो खांद्यावरून वाकून म्हणाला,
"हरीणही लिहा. अख्खं होतं फ्रीजरमध्ये.
माझ्या मुलाने मारलेलं पहिलं."
मी लिहिलं: हरीण.
शाई थंडीने अडकत होती, दोनदा गिरवलं.

त्या पहाटे घरी येऊन
स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर चढलो, गुडघ्यासकट,
धरायला कुणी नसताना,
आणि माझ्याच छताचं बटण दाबलं.
काय ऐकलं ते व्हर्लीनला अजून सांगितलेलं नाही.

फेब्रुवारीत ऑर्व्हिलचा फोन आला.
नवा उत्तम आहे, म्हणाला,
पण जुना गप्प झालाय.
एक बॅटरी मिळेल का?
नवी नको. नवीने तो बोलत नाही.
थोडी मेलेली द्या.

लोकांच्या छतांतून काढलेल्या तसल्या बॅटऱ्यांनी
माझा एक अख्खा खण भरलाय.
टाकायच्या राहिल्या होत्या.
एकेक जिभेला लावून बघत बसलो,
कुठलीत थोडीशी चुणचुण उरलीय.