घडीवर काप

सोमवारी फैजपूरचं दुकान बंद.
मशीनवर बसून पाय सुजतात, चाला म्हणाले डॉक्टर.
म्हणून पालपर्यंत एसटीनं, आणि पुढं
गारबर्डीच्या वाटेनं पायी,
गळ्यात विसरून राहिलेली मोजपट्टी.

कार्तिक सरत आलेला.
सागाच्या पानांची नुसती जाळी उरलीय,
पायाखाली उडदाच्या पापडासारखी मोडते.
सुकीच्या पात्रात पाणी कमी, दगड जास्त.
आता काय उरलं असेल बघायला, असं म्हणत
वळण घेतलं, तर
वाळल्या खुळखुळ्याच्या झुडपावर फुलपाखरं.
पंधरा, वीस. मग मोजणं सोडलं.

शेळ्या हाकत उखर्डू तडवी आला.
"काय पाह्यता मास्टर?
त्याइले आता फूल नई लागत,
वाळेल काडी लागते. चाटत बसता दिवसभर."
आणि एका शेळीला शिवी देत पुढं गेला.

मी जवळ सरकलो. उडाली नाहीत.
धुऊन धुऊन विटलेल्या पोलक्याचा रंग,
किनारीच्या दशा निघालेल्या.
एकाला अर्धा पंखच नव्हता,
तरी काडीवरची जागा सोडेना.

आणि एक होतं,
डाव्या पंखात त्रिकोणी काप,
उजव्यातही तसाच, तेवढाच, त्याच उंचीला.
तीस वर्षं कापड बेततोय, एवढं कळतं:
दोन्ही बाजूंना इतका सारखा काप
दोनदा कात्री लावून येत नाही.
कापड घडीत असावं लागतं.

म्हणजे तेव्हा ते उडत नव्हतं.
पंख जुळवून बसलं होतं कुठंतरी
भर दुपारी, सावलीला,
आणि चोच आली.

नंतर घडी उघडली असेल त्यानं.
उडून बघितलं असेल.

ऊन चढलं तशी सगळी एकदम उठली.
ते कापलेलंही उठलं,
उसवल्या बाहीसारखं थोडं एका अंगाला ओढत
नदीकडे गेलं. बाकीच्यांच्या मागं नाही,
मधूनच.

असलं कापड मी आजवर
"टाकून द्या" म्हणून परत करत आलो.

मंगळवारी सकाळीच गोदूबाई नेहेते
काखेत फाटलेलं पोलकं घेऊन आल्या.
उजेडात धरलं. आरपार दिसत होतं.
गुरुवारपर्यंत बघतो, म्हटलं.
काही होणार नाहीये त्याचं.