मोजता आलं तेवढं

महापे, रात्रपाळी. तिसऱ्या मजल्यावर
एसीचा गारठा आणि दोन स्क्रीन.
फाईल ०४१७. नाव पुसलेलं,
चेहराही खरवडून काढलेला, नियमच आहे तसा.
उरलंय वय, एकोणऐंशी,
आणि ठाण्याच्या सेंटरवरून नागेश भोईरने टाकलेली ओळ:
‘तिसऱ्या सिक्वेन्सला पेशंट उठून बसले.
पनवेलची एसटी सुटली का, विचारत होते.’

त्या उठण्याचे तरंग अजून आहेत चित्रात,
कपाळामागे, एकात एक,
खाडीतून होडी गेल्यावर राहतात तसे.

सॉफ्टवेअरने आपलं काम उरकलंय.
आत पिवळी रेघ, बाहेर लाल,
मधलं अंतर म्हणजे मेंदूची साल.
पण ते शिकलं भरल्या डोक्यांवर.
इथे घड्या उसवून रुंद झाल्यात,
भरतीसारखं पाणी आतवर आलंय
आणि लाल रेघ बावरून
थेट कवटीच्या अस्तराला जाऊन चिकटलीय.
अहवाल सांगतो: तीन पूर्णांक आठ मिलिमीटर.
वा! विशीतल्या पोराचीही इथे एवढी नसते.

मी रेघ सोडवून घेते,
ठिपका ठिपका खोडत.
हा अस्तराचा.
हा पाण्याचा.
हा...
अर्धा राखाडी, अर्धा काळा,
एक मिलिमीटरच्या चौकटीत दोघं नांदतायत.
कुणाच्या नावावर करू?

मेसच्या पाणचट दुधावर धरते
तेवढीच ही साय.
बोट लावावं तर सुरकुतते,
न लावावं तर आहे की नाही कळत नाही.

कर्णिक मॅडमना सकाळी आकडा हवाय.
डावीकडे लिहिलं: एक पूर्णांक सहा.
उजवीकडे, कानाच्या वर,
तीन स्लाइस तशाच सोडल्या.
‘मोजता आलं नाही.’
त्या म्हणतील, शलाका, रिकामं चालत नाही,
सरासरी बिघडते.
बिघडू दे.

याच सालीत कुठेतरी
पनवेलचा स्टँड आहे अजून,
फलाटाचा नंबर,
मुठीत घट्ट धरलेले सुटे पैसे,
आणि बहुतेक कुणीतरी वाट बघणारं.
कुठल्या ठिपक्यात, ते
माझ्या पिवळ्या रेघेला ठाऊक नाही, लालला तर नाहीच.

फाईल सेव्ह करते.
खिडकीखाली कंपनीची चारची बस,
ड्रायव्हर काच पुसतोय.
नाही,
सुटली नाही अजून.