उठलेले ठसे

जानेवारीत आमच्याकडे दिवस सात तासांचा,
तोही उसना आणल्यासारखा.
फार्कर साडेसहालाच दारात, कपाळावर दिवा बांधून.
म्हणाला, मार्सली, चार माथे आहेत. चहा वर.

उन्हाळ्यात या डोंगरांवरची वाट मी बांधते.
पगारी काम. दगड उलथायचा, पहारीनं जागेवर बसवायचा,
पाण्याला जायला आडवा चर ठेवायचा.
दिवसाकाठी फार तर सहा हात वाट होते.
हजारभर दगड मला तोंडओळखीनं माहीत आहेत
आणि आज एकही दिसत नाही.
माझं सगळं काम खाली झोपलंय
आणि वरून मी चाललेय, बुटांना लोखंडी दात लावून,
पाहुणीसारखी.

पहिला माथा म्याल ओअर. गेलिकमध्ये अर्थ मळकट ढेकूळ.
आज इतका पांढरा की नावाला लाज वाटावी.
दुसरा कार्न नान गोअर, बकऱ्यांची रास.
बकऱ्या जाऊन शंभर वर्षं झाली,
नाव अजून तिथंच चरतंय.
तिथं चहा घेतला. पावाचा तुकडा दाताखाली
पाटीच्या खडूसारखा मोडला.
फार्कर एक्काहत्तरचा. चाळीस वर्षं हरणांच्या रानाची राखण,
डाव्या गुडघ्यात त्यातली निदान दहा साठलेली.
गुडघ्याबद्दल बोलत नाही. हवेबद्दल बोलतो.

खिंडीत वारा आडवा.
घोट्याएवढी उंच बर्फाची धूळ सरपटत होती,
सळसळ सळसळ,
आणि तिच्यातून वर आलेली पावलं.

ठसा उठतो, आपण सहज म्हणतो.
इथं तो खरंच उठला होता.
कुणाच्या तरी वजनानं बर्फ घट्ट दाबला गेला,
मग वाऱ्यानं आजूबाजूचा भुसभुशीत तेवढा खाल्ला,
आणि जिथं खड्डे असायचे
तिथं उपड्या वाट्यांची रांग,
वीतभर उंच, धारेवरून पुढं गेलेली.
प्रत्येक डाव्या वाटीला मागं शेपूट, फरपटल्याचं.
शेजारी काठीच्या टोकाचा बारीक खांब,
मेणबत्तीएवढा.

मी मागं पाहिलं नाही.
मागून तीच चाल ऐकू येत होती.

तिसरा स्गूर, म्हणजे सुळका. जास्त ओळख लागत नाही त्याला.
त्याच्या शेवटच्या चढाखाली पावलं थांबली.
तिथं बरंच तुडवलेलं,
कुणीतरी खूप वेळ वर बघत उभं असावं.
मग तीच पावलं, उलट तोंडानं, खिंडीकडे.

फार्कर काठीला चिकटलेला बर्फ नखानं काढत म्हणाला,
मंगळवारी हवा बरी नव्हती.

मी काही विचारलंच नव्हतं.

मग मी पुढं झाले.
बुटाच्या टोकानं लाथ, दोनदा, मग पाऊल.
माझी टांग लांब आहे,
तरी पायरीला पायरी जवळ पाडत गेले,
डावीकडची जरा रुंद.
हाताशी दगड नव्हता, पहार नव्हती,
पण काम तेच होतं.
मागचा श्वास फाटला की मी थांबून
बुटाचा पट्टा आवळायची. चांगला होता पट्टा.

माथ्यावर त्यानं हातमोजा काढला,
गोठलेल्या दगडांच्या राशीवर तळवा ठेवला
आणि लगेच ओढला. चटका बसतो इतका गार.
शिवी दिली. गेलिकमध्ये, जुनी, बरीच लांब.

चौथा समोर होता. पश्चिमेची कड पिवळी पडत चाललेली.
त्यानं घड्याळ पाहिलं, डोंगर पाहिला,
आणि आयुष्यात पहिल्यांदा मला म्हणाला, तू ठरव.
मी विचारलं, चहा किती उरलाय?
अर्धा कप.
आम्ही उतरलो.

खाली दिवे लावून चालताना तो पूर्ण वेळ
एका हरणाची गोष्ट सांगत होता, जी मला पाठ आहे.

जूनमध्ये स्गूरच्या त्या चढाला दगडी पायऱ्या बसवायच्या आहेत.
आराखड्यापेक्षा चार बोटं कमी उंचीच्या बसवीन.
वरच्यांनी विचारलं तर सांगीन,
पाण्याच्या निचऱ्यासाठी.