नऊ, दहा, अकरा

लिक्सेलेत फेब्रुवारी. उणे चोवीस.
गॅरेजच्या दाराला आतून बर्फाच्या मिशा.
लिफ्टवर हिरवी व्होल्व्हो अ‍ॅमेझॉन, सदुसष्ट सालची,
आणि तिच्याखाली माना वर करून
आल्वार आणि सूल्वेइग, सख्खी भावंडं,
हेल्मर गेल्यापासून फक्त वकिलामार्फत बोललेली.

मागच्या अ‍ॅक्सलचं झाकण मी सैल केलं.
तेल आलं, काळं, जाड, गंधकाचा उग्र दर्प.
"बाबांचा स्वेटर," सूल्वेइग म्हणाली.
आल्वार बोलला नाही. नाकानं ओढलेला श्वास मात्र ऐकू आला.

दाते झिजलेले. जोड नवा घालायचा.
मोठ्या चक्राला एकेचाळीस दाते, त्यात वाद नाही.
वाद पिनियनचा: नऊ, दहा की अकरा.

नऊ घेतले तर इंजिनाच्या साडेचार फेऱ्या
तेव्हा चाकाची एक.
आल्वारला नऊच हवेत. त्याचं घर लाकूडतोड्यांच्या रस्त्यावर,
शेवटचा चढ असा की पोस्टमनही खालीच पेटी ठेवतो.
अकरा घेतले तर पावणेचारात भागतं.
सूल्वेइग यटेबोर्यला राहते, अकराशे किलोमीटर दक्षिणेला.
"शंभराच्या वर गेलं की नऊवाली किंचाळते.
दोन दिवस कोण ऐकणार ते?"

दहा हेल्मरचे. चार आणि वर चिमूटभर.
ते मी सुचवून पाहिले.
दोघं एका सुरात नाही म्हणाली.
वर्षभरातलं त्यांचं पहिलं एकमत.

मग गोष्ट लिमिटेड स्लिपवर आली.
मी बाकावर दोन्ही मांडले, जुनं आणि नवं.
जुनं डिफरन्शियल मोठं सालस, मी म्हणाले.
वळणावर आतल्या चाकाला कमी चालू देतं,
बाहेरच्याला जास्त, कुरकुर नाही.
पण एक चाक बर्फावर गेलं
की सगळ्या फेऱ्या त्या निसरड्याच्याच पदरात.
दुसरं, खडीवर उभं असलेलं,
जागचं हलत नाही.

"माहीत आहे," सूल्वेइग म्हणाली.
"मी घर सोडलं त्या सकाळी फाटकापाशी हेच झालं.
बाबा चाकाखाली स्प्रूसच्या फांद्या घालत होते.
बस चुकली माझी."
आल्वारनं हातातलं फडकं उलटं केलं, परत सुलटं केलं.
"मी खिडकीत होतो," तो म्हणाला.
"बूटसुद्धा घातले होते."

किटली उकळून गेली. कुणी उठलं नाही.

संध्याकाळी फोन आला तो सूल्वेइगचा.
नऊ घाला. आणि ते चकत्यांवालं.
मी हळू जाईन.

जोड बसवायला मला तीन दिवस लागले.
दातांना पिवळी पेस्ट लावायची, फिरवायचं,
ठसा टाचेकडे पडला की पुन्हा उघडायचं,
पातळ पत्र्याची एक वॉशर काढायची, पुन्हा फिरवायचं.
दातांत केसभर वाव ठेवावाच लागतो.
अगदी गच्च बसवलेले गिअर
पहिल्या पन्नास मैलांत जळतात.
हे मला शिकवणारा म्हातारा स्वतः
तीन लग्नं मोडून बसला होता, ते असो.

जूनमध्ये ती आली, किल्ली घेतली.
आल्वारनं डिकीत एक फावडं टाकलं.
जूनमध्ये!
ती हसली नाही, पण काढलंही नाही.

सुंडस्वालहून तिचा फोन:
ऐंशीनं चालले आहे, मागे ट्रकांची वरात,
आणि पेट्रोल पंपावर वळवताना
मागून कटकट येते, काही मोडलंय का?
मोडलं नाही, मी म्हणाले.
चकत्या एकमेकींना धरतायत.
तेलात घालायची बाटली दिली आहे ना, ती ओत,
रिकाम्या जागेत आठ आकडे काढत फिर.
थोडी कटकट तरीही राहील.

"राहू दे," ती म्हणाली,
आणि फोन ठेवायच्या आधी,
"आल्वारला सांगू नकोस, चढावर छान ओढते."

सांगितलं मी, अर्थात. त्याच दिवशी.

अकरा दातांचं पिनियन परत पाठवायचं राहिलंय.
तेलकट कागदात गुंडाळून फळीवर आहे,
शेजारी हेल्मरचं दहाचं.